भुकेच्या जागी

आप्पांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला गुऱ्हाळाच्या अंगणातून फरफटत न्यायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या तोंडात पुरणपोळीचा घास होता. तो मी गिळला नव्हता, थुंकलाही नव्हता. आता मार बसणार हे कळत होतं, पण त्याहून मोठी काळजी ही होती की या ओढाताणीत घास तोंडातून पडू नये.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. आप्पा म्हणजे माझे वडील, बाळगोंडा. पंचगंगेच्या काठाला आमची शेती आणि शेतातच गुऱ्हाळ. त्या दिवशी हंगामाचा मुहूर्त होता. चुलवाण पहाटेच पेटवलं होतं, काहिलीत पहिला रस रटरटत होता, भावकीतली माणसं पांढरी कापडं घालून आली होती. आईनं देवाच्या नैवेद्याची आणि पूजेला आलेल्या जंगमांची ताटं वाढून, वर केळीची पानं घालून खोपीत झाकून ठेवली होती. ती ताटं मी रिकामी केली होती. एक नव्हे, सगळी. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात, भजी, वर घातलेलं तूपसुद्धा बोटानं निपटून.

मी अंगानं केवढी होते, ते सांगायला हवं. गावात मला कावेरी या नावानं फक्त आई हाक मारायची. बाकीच्यांना मी पोतं होते. चालताना मांडीला मांडी घासून कातडी सोलपटायची, वर्गातल्या बाकावर मी मावायचे नाही म्हणून गुरुजींनी मला भिंतीकडेला जमिनीवर बसवलं होतं. जन्मले तेव्हा चारचौघींसारखीच होते म्हणे. पुढं काही महिन्यांत अंगावर चरबी चढायला लागली ती चढतच गेली. आणि भूक! तिला भूक तरी कसं म्हणू? जेवून हात धुताना मला भूक लागलेली असायची. घरात कुलूप लावलं तर मी गोठ्यात जाऊन म्हशीची पेंड खायची. परातीतली कच्ची कणीक खायची. एकदा आई हातातली भाकरी देत नव्हती, म्हणून तिच्या मनगटाला कडकडून चावले होते. रक्त आलं. आईनं दुसऱ्या हातानं पदराची चिंधी फाडून मनगट बांधलं आणि भाकरी मला दिली.

ते आप्पांनी बघितलं असतं, तर आईला मार पडला असता. तसा तो पडायचाच. आप्पांची पक्की समजूत होती की आई मला चोरून खाऊ घालते. माझा मार वेगळा, तिचा वेगळा. मला चामड्याच्या वादीनं, तिला हाताला येईल त्यानं. गावात त्यांच्याइतका पडेल ते काम करणारा माणूस नव्हता, दारूचा थेंब घेत नव्हते, कुणाच्या बांधाला पाय लावत नव्हते. मारायचे ते फक्त आम्हा दोघींना.

त्या दिवशी अंगणात आप्पांचे चुलतभाऊ सातगोंडाकाका मला बघून म्हणाले होते, "बाळगोंडा, औंदा ऊस कमी पडला तर काळजी न्हाई बघ. पोरगीच घाण्यात घाल. चार ढेपा तर निघतील."

सगळी हसली. आप्पाही तोंड वाकडं करून हसले. आणि तेवढ्यात आत गेलेल्या जंगमानं केळीचं पान उचललं आणि विचारलं, "मालक, नैवेद्य कुठाय?"

मी खोपीच्या मागं उसाच्या मोळ्यांत बसले होते. त्यांना शोधायला वेळ लागला नाही. माझं अंग लपण्याजोगं नव्हतंच.

"तुला खायाचं हाय न्हवं?" आप्पा मला ओढत म्हणत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्याचीच भीती वाटत होती. "चल. आज पोटभर खा. परत म्हणून भूक लागाय नगं."

आई धावत आली. "अहो, सोडा तिला! पाया पडते तुमच्या, लेकरू हाय ते!"

"तू गप. तूच कोंबलंस हिच्या नरड्यात. तुझं मागनं बघतो."

"मी दिलं न्हाई हो! देवाशप्पथ मी दिलं न्हाई!"

त्यांनी लाथेनं आईला बाजूला केलं. ती चिपाडांच्या ढिगावर पडली. भावकी उभी होती. कुणीतरी "बाळगोंडा, जाऊ दे की" म्हणालं, पण पुढं कुणी झालं नाही. बापलेकीच्या मध्ये कोण पडणार?

काहील जमिनीलगत असते. खाली चुलवाण, वर ती परातीसारखी भली मोठी कढई, माणूस आडवा मावेल एवढी. रस आटत आला होता, पिवळेधमक बुडबुडे फुटत होते. आप्पांनी मला काठाशी गुडघ्यावर पाडलं आणि मानेला धरून वाकवलं.

"खा! वाकून खा! बघू किती खातीस!"

चेहऱ्यावरची कातडी आक्रसल्यासारखी झाली. डोळ्यांतनं धारा लागल्या. एक बुडबुडा फुटला आणि त्याचा थेंब गालावर येऊन चिकटला. पुसायला हात उचलावा तर हात जमिनीला रेटून धरले होते, नाहीतर तोंडावर आत गेले असते. मी ओरडत होते. आणि खरं सांगते, त्या गुळाच्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मरण वीतभर अंतरावर होतं आणि मला तो पाक चाटावासा वाटत होता.

मागून धप्पकन आवाज आला. मानेवरची पकड सैल झाली. पुन्हा आवाज आला.

वळून बघितलं तर आई उभी होती. तिच्या हातात पाक ढवळायचं लांब दांड्याचं फावडं होतं. डोक्यावरचा पदर पडला होता. पहिला फटका आप्पांच्या पाठीत बसला होता, दुसरा मानेजवळ. आप्पा लटपटले, काहीतरी धरायला म्हणून उजवा हात पुढं टाकला, आणि तो हात कोपरापर्यंत पाकात गेला.

तशी किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून राहतो. हात बाहेर काढला तरी भाजणं थांबत नव्हतं. गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं आणि सातगोंडाकाकांनी त्यांना धरून हौदात हात बुडवला. आप्पा गुरासारखे ओरडत होते. आई अजूनही फावडं घेऊन उभी होती. कुणी जवळ आलं तर त्यालाही हाणील, अशी. मग तिनं ते टाकलं, मला उठवलं आणि माझा गाल बघितला.

जीपमधून आप्पांना मिरजेला नेलं. मागच्या बाकावर मी आणि आई. पुढं आप्पा कण्हत होते, मधेच ओरडत होते. पायाशी कुणाचीतरी चिरमुऱ्याची पिशवी होती. मी ती उघडली आणि खायला लागले. आईनं बघितलं. पिशवी संपली तेव्हा आम्ही अंकलीच्या पुलावर होतो.

दवाखान्यात पोलीस आला. भाजलेला माणूस आला की तो येतोच. आप्पांच्या खाटेशी उभा राहून त्यानं विचारलं, "कसं झालं?"

आई खुर्चीतून उठली. पदर सारखा केला. ती काय सांगणार आहे, ते मला कळलं होतं. ती तोंड उघडणार, तोच आप्पा म्हणाले, "पाय घसरला."

"कशावरनं?"

"रस सांडला हुता."

"भांडणतंटा काय?"

"काय न्हाई."

पोलिसानं माझ्याकडं बघितलं. "पोरीच्या गालाला काय झालंय?"

"तिला बी उडालं."

तो निघून गेला. आई उभीच राहिली. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. त्या दिवसानंतर आप्पांनी आईवर हात उचलला नाही. उजवा उचलताच येत नव्हता, हे खरं. पण डावा होता की.

आप्पांचा मुक्काम लांबला. मांडीची कातडी काढून हाताला लावली, बोटं एकमेकांना चिकटायला लागली. मी आईबरोबर तिथंच असायची. आणि तिथं, भाजलेल्या माणसांच्या त्या खोलीत, ओरडण्यात आणि वासात, मला भूक लागलेली असायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं ताट मी एका दुपारी उचललं. तो झोपला होता. वरणभात तोंडात भरत असताना त्याची सून आली. तिनं पायातली चप्पल काढली.

"रोगी माणसाच्या तोंडचं खातीस, रांडे?" ती मारत होती. डोक्यात, तोंडावर, गालाच्या ओल्या जखमेवर. "एवढं अंग झालंय तरी पोट भरत न्हाई?"

मी एका हातानं डोकं झाकलं होतं, दुसऱ्या हातानं भात खात होते. आई औषध आणायला गेली होती. आप्पा खाटेवरून बघत होते.

चप्पल मधेच थांबली. कुणीतरी त्या बाईचा हात वरच्या वर धरला होता. डॉक्टर तांबोळी. लहान मुलांच्या डॉक्टर, वयानं तरुण, दुसऱ्या कुठल्यातरी पेशंटला बघायला आलेल्या.

"मारताय कशाला? उपाशी आहे ती."

"उपाशी?" ती बाई हसली. "जरा बघा तरी तिच्याकडं!"

"तेच बघतेय. एवढा मार खाऊन जे खाणं सोडत नाही, ते माणूस उपाशीच असतं." आणि मग त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "नाव काय तुझं?"

"कावेरी."

"आत्ता तू जेवलीस, कावेरी. भूक गेली?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. किती खातेस विचारायचे, का खातेस विचारायचे, लाज वाटत नाही का विचारायचे.

"न्हाई," मी म्हटलं.

"मग कधी जाते?"

"जात न्हाई."

"झोपेत?"

"सपनात बी खाते."

त्यांनी आई येईपर्यंत वाट बघितली. मग आम्हा तिघांचं रक्त घेतलं. आप्पा म्हणाले, "माझं कशाला? रोग तर तिला हाय." डॉक्टरांनी नुसतं, "लागेल," म्हटलं.

रक्त कुठंकुठं गेलं, पुण्याला गेलं, परदेशातही गेलं. निकाल यायला दुसरा हंगाम उजाडला. आम्हाला तिघांना बोलावणं आलं. आप्पांचा उजवा हात तोवर मिटलेल्या मुठीसारखा झाला होता. डॉक्टर तांबोळींनी आम्हाला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं.

"माणसाच्या अंगातली चरबी नुसती साठून बसत नाही. ती बोलते. तिच्यातून एक रस रक्तात सुटतो, तो मेंदूपर्यंत जातो आणि सांगतो, साठा आहे, पुरे, आता खाऊ नको. कावेरीच्या अंगात तो रस तयारच होत नाही. एवढी चरबी आहे, पण ती मुकी आहे. त्यामुळं तिच्या मेंदूला वाटतं की अंगात काहीच नाही, दुष्काळ पडलाय, मिळेल ते खाल्लं नाही तर मरू. जन्मल्यापासून तिचा मेंदू असा दुष्काळात जगतोय."

"म्हंजे..." आई अडखळली. "मी जास्त खायला घातलं म्हणून न्हवं?"

"नाही. तुम्ही घातलंत म्हणून नाही आणि तिला जिभेचे चोचले आहेत म्हणूनही नाही. हा रस कसा करायचा, त्याची कृती प्रत्येकाच्या अंगात दोनदा लिहिलेली असते. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. तुमचं भागलं. हिच्याकडं दोन्ही बिघडलेल्या आल्या."

"दोनी?" आप्पांनी विचारलं. "माझ्याकडनं बी?"

"दोघांकडून. सारखीच चूक, त्याच जागेवर. तुम्ही नात्यातले आहात का?"

"ही माझ्या मामाची पोरगी."

"आणि तुमचे आईवडील?"

"ते बी आत्तेमामेभावंडंच. आमच्यात तशीच रीत हाय."

आई रडायला लागली. मोठ्यानं नव्हे. चेहरा तसाच, डोळ्यांतून पाणी गळतंय. इतकी वर्षं जे हाडांवर सोसलं, त्यातलं काहीच तिच्या चुकीचं नव्हतं, हे तिला परक्या माणसाकडून कळत होतं. आप्पा तिच्याकडं बघत नव्हते.

डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात असं आणखी कुणी मूल होतं का? फार खाणारं, अंगानं मोठं?"

"न्हाई," आई म्हणाली. "मी तर ऐकलं न्हाई."

"हुता," आप्पा म्हणाले.

आईनं मान वर केली.

"माझा भाऊ. पायगोंडा. माझ्याहून धाकटा. असाच. हिच्यागत." आप्पा टेबलाकडं बघून बोलत होते. "आई लई मारायची त्येला. मग मारून थकली. मग धान्याच्या कोठीच्या खोलीत कोंडून घालाय लागली. बाहिर मला बसवायची. म्हणायची, रडला तरी दार उघडायचं न्हाई. एक दिस तो रडला न्हाई. आतनं कुरुकुरु आवाज येत हुता. मला वाटलं उंदीर हाय. पोत्यातल्या गव्हाला किड्याची पावडर लावलेली हुती. कच्चाच खाल्ला त्यानं." ते थांबले. "तोंडाला फेस आला हुता. तरी मुठीत गहू हुते."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"घरात परत त्येचं नाव काडलं न्हाई कुणी," आप्पा म्हणाले. "ही वरसाची झाली आन् मी वळाकलं. म्हटलं, तोच आला. म्हटलं, माराला भिऊन तरी थांबंल. कोंडायचं न्हाई, मारायचं. मार खाऊन माणूस मरत न्हाई."

आई उठली. आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती काहीतरी हाणणार. तिनं विचारलं, "मला का न्हाई सांगितलंसा?"

लग्न झाल्यापासून आप्पांना कधी कुणी असा सवाल केला नव्हता.

औषध होतं. तोच रस, कारखान्यात बनवलेला, सुईनं टोचून घ्यायचा. आपल्याकडं मिळत नव्हता. डॉक्टर तांबोळींनी परदेशातल्या एका दवाखान्याशी पत्रव्यवहार करून तो माझ्यासाठी मिळवला. रोज सकाळी पोटाला सुई. आजही घेते.

सुई सुरू झाली आणि आठवडा उलटायच्या आत एका सकाळी मी ताटाकडं बघत बसले. भाकरी होती, पिठलं होतं, अर्धं खाल्लेलं. माझा हात पुढं जात नव्हता. मी घाबरले. आईला हाक मारली, "आई, मला काय तरी व्हायलंय." आई धावत आली. ताट बघितलं, मला बघितलं आणि उरलेली भाकरी फडक्यानं झाकून ठेवली.

अंग उतरायला लागलं. लोक बघायला यायचे. सातगोंडाकाका म्हणाले, "पोरीचं सोनं झालं." पण आतून मी जे झाले होते, ते कुणाला दिसत नव्हतं.

इतकी वर्षं माझ्यात भुकेशिवाय दुसरं काही मावतच नव्हतं. मार संपला की मी खायला शोधायची आणि मार विसरायची. लाजही तशीच, दुखणंही तसंच. आता भूक नव्हती. डोकं रिकामं झालं आणि त्या रिकाम्या जागेत एकेक मार परत यायला लागला. वादीचा, काठीचा, गोठ्यातला, अंगणातला. आई चिपाडांवर पडली तो आवाज. मानेवरचा हात. बाळपणापासूनचं सगळं, तेव्हा न जाणवलेलं, आता जाणवायला लागलं. मी ताटावर बसले की भाकरी कुस्करून तशीच ठेवायची. आईला वाटायचं औषधानं होतंय. मला राग आला होता. आयुष्यात पहिल्यांदा.

पायगोंडाकाकाची गोष्ट मला पाठ झाली होती. त्याच्यासाठी मी रडलेसुद्धा. दाराबाहेर बसलेल्या त्या पोरासाठी पण रडले. तरी राग गेला नाही.

असंच एका दुपारी मी नुकतीच जेवायला बसले होते. आप्पा आत आले. त्यांनी डाव्या हातानं डबा उघडला, ताटलीत चपाती कुस्करली, त्यावर गूळ चुरला, तूप सोडलं, कालवलं. जन्मात त्यांनी घरात हातानं काही कालवलं नव्हतं. माझ्यासमोर फतकल मारून बसले आणि एक घास करून माझ्या तोंडापुढं धरला. त्यांचे डोळे ओले होते.

"घे बाळ," ते म्हणाले. बाळ म्हणून त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती.

घासाला गुळाचा वास येत होता. बोटं माझ्या ओठांपासून वीतभरही लांब नव्हती.

"नको आप्पा," मी म्हटलं. "पोट भरलंय."

त्यांचा चेहरा असा फुलला की बघवेना. "ऐकलंस का गं?" ते आईला ओरडून म्हणाले. "पोट भरलंय म्हणती! पोट भरलंय!" घास तसाच हातात घेऊन ते उठले, सोप्यात गेले, तिथून अंगणात. बाहेर ट्रॅक्टरजवळ गडी उभे होते, त्यांनाही सांगायला लागले.

आई चुलीपुढं बसली होती. ती हसली नाही. माझ्या ताटातली न मोडलेली भाकरी बघून ती उठून आली, आप्पांनी कालवलेली ताटली माझ्यासमोरून उचलली आणि आत नेऊन ठेवली.